जठरगडावर पांढऱ्या रश्श्याची स्वारी

श्री अंबाबाई समर्थ. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, करवीर प्रांती, कसबा बावडा मुक्कामी जी मोहीम जाहली तिची ही साद्यंत हकिकत. मागे मोठमोठे गड पडले आणि उठले, त्यांचे पोवाडे जाहले, दप्तरे जाहली. परंतु एका लेकुरवाळीने आपल्याच पोटातला गड, आपणच भूल घेऊन, पाच भोकांवाटे सर केला, आणि गड सर होऊनही खरी लढाई पुढे स्वयंपाकघरात चार महिने चालली, ऐसा मामला कोणा दप्तरी सापडत नाही. सबब जैसे घडले तैसे लिहिले आहे. जेथे वर्णन खाण्याच्या जिनसांवर अधिक रेंगाळले असेल, तेथे मोहिमेच्या काळी उपासमार भारी होती हे वाचणारांनी ध्यानी घ्यावे.

खासा स्वारी म्हणजे राजनंदिनीबाईसाहेब. वय बत्तीस, कन्याशाळेत भूगोल शिकविणार, उंची पाच फूट दोन इंच, आणि वजन, काट्याने कबुली दिली त्याप्रमाणे, एकशे अठरा किलो. मूळच्या बाईसाहेब सडपातळ. परंतु युवराज्ञी तेजस्वीबाई जन्मास आल्या आणि थायरॉईड नामे सरदार फितूर जाहला, मग साखरेने डोके वर काढिले, मग दोन्ही गुडघ्यांनी एक दिलाने बंड पुकारिले, आणि निजल्यावर घोरण्याचा असा चौघडा झडू लागला की शेजारचे कुत्रे भुंकणे सोडोन ऐकत बसे.

बाईसाहेब स्वस्थ बसणाऱ्या नव्हेत. पहिली स्वारी रंकाळ्यास केली. रोज प्रातःकाळी तलावास एक फेरी, आणि फेरी जेथे संपे तेथेच मिसळीची गाडी छावणी देऊन बसलेली, सबब जितके गमाविले तितके कटासकट परत घेतले. दुसरी स्वारी दुधी भोपळ्याच्या रसाची, ती अकराव्या दिवशी घशानेच मोडून काढिली. तिसरी सोळा तास उपाशी राहण्याची, त्यात सोळा तास बरे गेले, परंतु उरल्या आठ तासांत जो मुलूख लुटला त्याची गणती नाही. दर स्वारीत पाच किलो हटवावे, आणि स्वारी उठताच सात किलोंनी येऊन ठाणे द्यावे, ऐसे चार वर्षे चालले, आणि लोक म्हणत की बाईंचा तोंडावर ताबा नाही. हे म्हणणारांपैकी एकानेही दुधीचा रस चाखला नव्हता, हेही येथे नमूद असावे.

मग ज्येष्ठ मासी एका आदितवारी सहकुटुंब स्वारी जोतिबाचे डोंगरी गेली. दर्शन उत्तम जाहले, कपाळी गुलाल लागला, आणि पायऱ्या उतरते समयी चार वर्षांच्या युवराज्ञींनी खाली फुगेवाला पाहोन आईचा हात सोडिला आणि एकाएकी दौड मारिली. खाली रस्त्यावर गाड्या वळत होत्या. यजमान राजश्री विश्वजित चपला आणावयास गेलेले. बाईसाहेब धावल्या, म्हणजे मनाने धावल्या, गुडघे जागीच राहिले. सात पायऱ्या कशाबशा उतरल्या आणि आठवीवर श्वास सरला, हाक मारावी तर हाकही फुटेना. एका नारळवाल्या बाईने पोरीस दंडाला धरोन थांबविले, आणि मागे जीप कर्रकन उभी राहिली. त्या बाईने पोर आणून दिले, रागे भरली नाही, उलट आपल्या पोत्यावर जागा करोन म्हणाली, "बसा ताई, पाणी प्या." ही माया बाईसाहेबांस शिवीहून अधिक लागली. पोरीस कवेत घेतले, तिचे काळीज चिमणीसारखे फडफडत होते, की आपलेच, ते कळेना, आणि तेथेच मनाशी ठराव केला की पुन्हा ही धावेल तेव्हा हिला धरणारा हात आपला असावा. या हकिकतीतील सारी धुमाळी या एका ठरावापोटी जाहली.

करवीरात डॉक्टर शाहिस्ताबाई म्हणोन पोटाच्या शस्त्रक्रियेत नामांकित. बाईसाहेब त्यांच्याकडे दाखल जाहल्या, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कागदावर जठराचा नकाशा काढिला, त्यावर पेनाने उभी रेघ मारिली आणि सांगितले की एवढा मुलूख कापून काढावयाचा, आणि केळ्याएवढा राखावयाचा. बाईसाहेब भूगोलाच्या, त्यांस नकाशा तत्काळ उमगला. आणखी कळले की जो भाग जावयाचा त्यातच भुकेचे हुकूम सोडणारी कचेरी आहे, ती उठली म्हणजे रात्रंदिवसाचा तगादा बहुतांशी उठेल. बाईसाहेबांस हे ऐकोन रडू आले, कारण इतकी वर्षे तो हुकूम आपल्याच हावरट मनाचा आहे ऐसे त्या समजत होत्या. तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे लाड न्हाईत आणि आळस बी न्हवं. आजार हाय, आणि त्याला उपाय हाय. पण ऐका, ऑपरेशन दीड तासाचं. खरं काम त्याच्याफुडं, आणि ते तुमच्या घरात हाय."

धोकाही त्यांनी लपविला नाही. शंभरांत एखाद्याची शिवण झिरपते, तेही सांगितले. हा एकटा शंभरावा इसम पुढे आषाढ, श्रावण, भाद्रपद असे तीन महिने बाईसाहेबांच्या उशाशी बसोन होता. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारोन डाव्या अंगास भीती लिहीत गेल्या, ती ओळीने वीस कलमे जाहली. उजव्या अंगास एकच नाव लिहिले, आणि त्याखाली दुसरे काही सुचेना. मग वही मिटोन तारीख घेतली.

परंतु या मसलतीस मोठा अडसर मातुश्री अंबूबाईंचा. या बाईसाहेबांच्या सासूबाई, स्वयंपाकघराच्या सर्वाधिकारी, दोन म्हशींच्या धनी, आणि त्यांच्या हातच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्यापुढे भल्याभल्यांनी शस्त्र ठेविलेले. त्या या घरी सून म्हणोन आल्या तेव्हा मटणाच्या फोडी बाप्यांच्या ताटी जात आणि सुनेच्या वाटणीस भांडे खरवडलेला रस्सा येई. तेव्हाच त्यांनी पण केला की आपली सून येईल तिच्या ताटी पहिली फोड पडेल. तो पण त्यांनी अक्षरशः पाळिला. बाळंतपणात डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, धारोष्ण दूध यांची रसद एक दिवस तुटू दिली नाही. आता त्याच सुनेचे पोट कापणार म्हटल्यावर, आपल्या मायेवरच कोणी तरवार उगारली ऐसे त्यांस वाटले, आणि त्यांनी जाहीर केले की माझ्या हातचं खाऊन पोट कापायची वेळ आली हे भावकीत कळलं तर मी तोंड दाखवणार न्हाय, आणि म्हशी बी विकून टाकीन. यात म्हशींचा अपराध कोणता, हे कोणासही कळले नाही.

राजश्री विश्वजित शिरोली एमआयडीसीत ओतकामाच्या कारखान्यावर मोठे सरदार. वितळल्या लोखंडासमोर दहा दहा तास उभे राहणार. परंतु दोन बायकांच्या मध्ये उभे राहण्याचा प्रसंग येताच त्यांस दरदरोन घाम फुटला, आणि त्यांनी म्हशींस वैरण घालावयाची आहे ऐसे सांगोन काढता पाय घेतला. मग बाईसाहेब एकट्याच सासूसमोर मेथी निवडावयास बसल्या, आणि जोतिबाच्या आठव्या पायरीची जी गोष्ट त्यांनी नवऱ्यासही सांगितली नव्हती ती खालमानेने सांगितली. अंबूबाईंनी पुरती जुडी निवडली, काड्या एका अंगास केल्या, आणि मग तहाचे कलम सांगितले: ऑपरेशन करावे, सोबत आपण येऊ, परंतु भावकीत बोभाटा नको, विचारील त्यास पित्ताचे खडे काढिले ऐसे सांगावे. बाईसाहेबांनी तह मान्य केला. मनात लाज होतीच, तिला आयता बुरखा मिळाला.

ऑपरेशनाआधी पोटास हलके ठेवणे जरूर, आणि दैवयोग ऐसा की ते दिवस नेमके नवरात्रात आले. त्यामुळे नऊ दिवस बाईसाहेबांनी काही खाल्ले नाही याचा कोणास संशय आला नाही, उलट पेठेत भक्तीची वाहवा जाहली, आणि तीन शेजारणींनी उपवास म्हणोन साबुदाण्याचे वडे पाठविले. ते वडे विश्वजितरावांनी परस्पर निकालात काढिले.

मग कोजागरी सरली आणि कूच जाहले. बाईसाहेबांस चाकाच्या खाटेवर घेतले, पायांत घट्ट मोजे चढविले, हिरव्या पोशाखातील फौज सज्ज जाहली. दाराशी युवराज्ञींनी विचारिले की आईच्या पोटाला चेन बसवणार काय, म्हणजे आत काय हाय ते बघता येईल. बाईसाहेबांस हसू आले, आणि हसता हसताच भुलेने गाठले, आणि भुलेत जाताना ओठांवर हसूच होते ऐसे तेथील परिचारिका सांगतात. आत पाच भोके पाडोन दुर्बीण शिरली, पोटात वायू भरोन मैदान मोकळे केले, रेघेबरहुकूम मुलूख कापिला, शिवण घातली, पाण्याने तपासली, थेंब झिरपला नाही. दीड तासात जठरगड सर जाहला. शंभरावा इसम आल्या पावली परत गेला.

संध्याकाळीच हुकूम सुटला की उठोन चालावे. तेव्हा सलाईनची काठी निशाणासारखी पुढे धरोन बाईसाहेबांनी सज्ज्यातून चार फेऱ्या मारिल्या. पोटातला उरला वायू उजव्या खांद्यात जाऊन दबा धरोन बसला होता, तो पाऊलागणिक डिवची. कापले पोट आणि दुखतो खांदा, हे युद्धशास्त्र बाईसाहेबांस अखेरपर्यंत उमगले नाही. मागे अंबूबाई सुनेच्या गाऊनच्या बंदास धरोन चालत, जणू सोडला तर सून उडोनच जाईल.

चौथे दिवशी घरी आल्या. सरकारी दंडक ऐसा की पंधरा मिनिटांत तीस मिली, तेही घोट घोट, आणि तेही पातळच: डाळीचे पाणी, नितळ सूप, ताक. दवाखान्याच्या मापातून प्यावे तर डाळीचे पाणीही औषध वाटे, तेव्हा युवराज्ञींनी आपली सारी भातुकली आणोन आईपुढे रिती केली आणि जाहीर केले की आता आई लहान झाली, तिनं माझ्या भांड्यात खायचं. दवाखान्याच्या मापाने तपासले, तो भातुकलीचा पेला काठोकाठ बरोबर तीस मिली. मग त्या पेल्यातून डाळीचे पाणी, त्या बशीतून ताक, आणि युवराज्ञी समोर मांडी घालोन दर घोटास "शाब्बास" म्हणणार. ज्या तोंडाने चार वर्षे लेकीस "आणि एक घास चिऊचा" म्हटले, त्याच तोंडास लेकीने "सावकाश पी, सांडशील" म्हणावे, ऐसा काळ फिरला. आणि बाईसाहेबांस त्यात भारी सुख वाटे.

आठ दिवस नीट गेले आणि नववा दिवस आदितवारचा उगवला. करवीर प्रांती आदितवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढे रांग लागते आणि दुपारी गल्लीगल्लीतून फोडणीचा धूर उठतो, हा येथील धर्म. अंबूबाईंनी आठ दिवस सुनेस डाळीचे पाणी पिताना पाहिले होते, आणि दर पेल्यास त्यांचे काळीज एक चिमूट तुटले होते. त्यांनी दंडकाचा कागद नातीकडून दोनदा वाचोन घेतला. नातीस अक्षरे येत नव्हती, तिने पाठ होते ते म्हटले: पातळ, पांढरं, तिखट न्हाय. मग अंबूबाईंनी विचार केला की पातळ पाहिजे तर पांढरा रस्सा पातळच असतो. पांढरे पाहिजे तर नावातच पांढरा. तिखट नको तर त्यात लाल चटणी पडतच नाही. चोथ्याची भीती, तर गाळोन घेऊ. या युक्तिवादात करवीरातला कोणी वकीलही खोट काढता ना.

विश्वजितराव जादा पाळीस कारखान्यावर गेलेले पाहोन त्यांनी मटणाचे अळणी पाणी काढिले, त्यात नारळाचे दूध, खसखस, तीळ, काजू यांची गंधासारखी पेस्ट घातली, तूप सोडिले, मिऱ्याची पूड नावास टाकिली, आणि सारा ऐवज धुवट धोतराच्या फडक्यातून तीन वेळा गाळोन, वाफाळत्या वाटीसह सुनेपुढे हजर जाहल्या. केवळ वाटी पुढे केली, आणि ऑपरेशनाच्या मसलतीपासून पहिल्यानेच त्यांच्या मुद्रेवर हसू दिसले.

बाईसाहेबांस ठाऊक होते. दंडक पाठ होता. परंतु नऊ दिवस डाळीचे पाणी, आणि समोर तो वास, आणि वासाच्या वर ती मुद्रा. येथे नको म्हणणे हे रश्श्यास नको म्हणणे नव्हे, सासूस नको म्हणणे होते. मनाशी म्हणाल्या की एकच घोट. एक घेतला, तो अमृत. दुसरा घेतला. तिसऱ्यास भातुकलीचा पेला बाजूस राहिला आणि वाटी थेट तोंडास लागली.

अर्ध्या घटकेत गडावर हाहाकार उडाला. केळ्याएवढ्या जठरात तुपाची आणि नारळाच्या दुधाची फौज मावेना, पोटात पीळ पडला, अंगास घाम सुटला, आणि उलट्यांवर उलट्या सुरू जाहल्या, की प्रत्येक उलटीस पाची टाके एकदम ओरडत. युवराज्ञी भेदरोन दाराआड उभ्या राहिल्या. शेजारच्या रिक्षात घालोन बाईसाहेबांस दवाखान्यात नेले, आणि वाटेत त्यांच्या मनी एकच आले: शिवण उसवली असली तर पोरीस कोण धरील.

डॉक्टर शाहिस्ताबाईंनी तपासणी केली, फोटो काढिले, सलाईन जोडले. अंबूबाई बाहेर बाकावर बसलेल्या, हाती ती रिकामी वाटी तशीच. विश्वजितराव कारखान्यावरून धावत आले तेव्हा त्या वाटीकडेच पाहत होत्या, आणि कोणी न विचारताच म्हणाल्या, "मी पातळच केलतं की. तीनदा गाळलं." पुन्हा थोड्या वेळाने तेच. पुन्हा तेच. लेकाने त्यांच्या हातची वाटी काढोन घेऊ पाहिली, ती त्यांनी सोडिली नाही.

तासाभराने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि खबर दिली की शिवण शाबूत आहे, टाका एकही हलला नाही. मग अंबूबाईंच्या शेजारी बाकावर बसोन म्हणाल्या, "मावशी, तुमच्या रश्श्याला नावं ठेवायची माझी टाप न्हाय. वासावरनंच कळलं. पण पोट अजून कच्चं हाय, बाळंतिणीच्या बाळागत. त्या बाळाला पाजाल काय रस्सा?" अंबूबाईंनी मान हलविली. इतकी साधी गोष्ट इतक्या दिवसांत त्यांस कोणीही या भाषेत सांगितली नव्हती.

आत गेल्या. सून सलाईन लावोन पडलेली. ती सासूस आत्ती म्हणे. म्हणाली, "आत्ती, तुमची चूक न्हाय. मला माहीत हुतं. मला नको म्हणता आलं न्हाय."

अंबूबाईंनी तिच्या कपाळावरचे केस मागे केले आणि म्हणाल्या, "तुला येत न्हाय न्हवं? मग हितनं फुडं तुझं नको मी म्हणतो."

आणि येथून मोहिमेचा रंग पालटला. जो किल्लेदार काल शत्रूपक्षी होता तो आज फौजेसह इकडे मिळाला, आणि मिळाला तो ऐसा की डॉक्टरांचा दंडक त्यापुढे मऊ वाटू लागला. अंबूबाईंनी मोबाईलात पंधरा मिनिटांचा गजर लावणे शिकोन घेतले. खडे काढिले ऐकोन समाचारास येणाऱ्या भावकीची वर्दळ सुरू जाहली, आणि करवीरचा समाचार रिकाम्या हाती होत नाही. प्रत्येकाच्या हाती किटली, किटलीत रस्सा, ताकदीसाठी म्हणोन. अंबूबाई उंबऱ्यात बसोन नाकेबंदी करीत. माणूस आत, किटली बाहेर, ऐसा बंदोबस्त. एकीने कुरबूर केली की खड्यांच्या पेशंटाला रस्सा चालतो की, आमच्या जावेला चालला. तर अंबूबाई म्हणाल्या की आमचं खडं येगळ्या जातीचं हुतं.

दिवाळी आली ती घरावरून तोफखाना ओढीत गेली. चकली, शेव, चिवडा, अनारसे, सारे डबे भरले; बाईसाहेबांनी वासावर समाधान मानिले. विश्वजितरावांनी एकनिष्ठेपोटी पत्नीसमोर फराळ न करण्याची शपथ वाहिली होती, ती न्हाणीघरात मोडली. चकलीचा आवाज दारातून स्पष्ट आला, आणि युवराज्ञींनी बाहेरून विचारिले की बाबा, साबण खाताय काय. बाईसाहेब इतक्या हसल्या की टाके धरोन बसावे लागले, आणि आतून कुडकुड तरी चालूच.

पुढे काटा उतरू लागला. तिसऱ्या आठवड्यात एकाएकी अकरा दिवस अडोन बसला, तेव्हा सर्वांचा धीर सुटला. बाराव्या दिवशी आपण होऊनच हलला. साखरेच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या. चौघडा थांबला, शेजारचे कुत्रे पुन्हा भुंकू लागले. केस मात्र मुठीने गळू लागले, तो घाला बाईसाहेबांस जिव्हारी लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि परत येतील ऐसा कौल दिला. शाळेत जगाचा नकाशा काखेत मारोन दुसरा मजला एका दमात चढल्या, आणि वर जाऊन क्षणभर विसरल्याच की कशास आलो, कारण पूर्वी वर पोहोचणे हेच काम असे.

येणेप्रमाणे चार महिने लोटले आणि माघ मासी हुपरीहून निमंत्रण आले. अंबूबाईंचे बंधू आकाराममामा, तेथे त्यांचा चांदीच्या पैंजणांचा कारखाना घरातच. त्यांचा नातू राजवीर याचे जावळ. मंडप, मटण, तीन पंगती. आणि आकाराममामा हे आग्रहाचे महारथी. त्यांच्या पंगतीतून दोन भाकऱ्या जास्त न खाता कोणी उठला ऐसे हुपरीत घडले नाही. एकदा एका व्याह्यांनी ताटावर आडवे हात धरिले, तर मामांनी हातांवरच रस्सा वाढिला.

बाईसाहेब पहिल्या पंगतीस बसल्या. आता त्यांस सर्व खाणे खुले होते, केवळ मोजके; चार घास, सावकाश, आणि पाचवा नाही. एक फोड पंचवीस वेळा चावोन खाल्ली, भाकरीचा नखाएवढा तुकडा खाल्ला, आणि पोटाने इशारत दिली की बस. इतक्यात मामा बादली घेऊन समोर उभे. म्हणाले, "सूनबाई, हे काय, चिमणी जेवल्यागत? खडं काढून चार महिनं झालं की." बाईसाहेब हसोन नको म्हणाल्या. मामांनी पळी भरली. त्यांनी ताटावर हात धरिला. पंगत थांबली आणि पाहू लागली. कोणी म्हणाले शहरात राहून नाजूक झाली. कोणी म्हणाले आमच्या हातचं चालंना. एक मावशी म्हणाल्या एक वाटी माझ्या नावाची, न्हाईतर मी जेवणार न्हाय. मामांनी वाटी भरोन थेट हातीच दिली, आणि म्हणाले, "नातवाचं जावळ हाय. उपाशी उठलीस तर हुपरीची मान खाली जाईल."

बाईसाहेब पुरत्या कोंडीत सापडल्या. प्यावे तर चार महिन्यांची मेहनत या मंडपात ओकावी लागणार. खरे सांगावे तर तह मोडतो आणि आत्तींची मान भावकीत खाली जाते. मनाशी म्हणाल्या की एकच घोट. हे शब्द पूर्वी कोठे ऐकिले ते त्यांस आठवलेही, तरी हात वाटीसह वर चालला.

तेव्हा समोरच्या पंगतीतून अंबूबाई उठल्या. खरकटा हात तसाच, पदर खोचलेला, दोन ताटे ओलांडोन आल्या आणि सुनेच्या हातची वाटी काढोन खाली ठेविली. आणि बोलल्या ते मंडपाच्या शेवटच्या खांबापर्यंत गेले.

"आकाराम, तिला खडं न्हवतं. पोट कापून बारीक केलंय, केळ्याएवढं. आजार हुता, त्याचा इलाज केलाय. मीच खोटं सांगायला लावलं, मला लाज वाटली म्हणून. आता वाटत न्हाय. माझी सून चार घास खाती आणि पोटभर जेवती. हिला कुणी आग्रह करायचा न्हाय. करायचाच असंल तर मला करा, बघतो कुणात दम हाय."

मामांच्या पळीतला रस्सा त्यांच्या पांढऱ्या विजारीवर थेंब थेंब पडू लागला. मामांनी विजारीकडे पाहिले, बहिणीकडे पाहिले, आणि आयुष्यात पहिल्यानेच भरली पळी बादलीत परत सोडिली. म्हणाले, "आक्का, हे आधी सांगायचं की. मी काय जनावर हाय व्हय?" आणि पुढील ताटाकडे गेले, परंतु तेथेही आज जपोनच वाढू लागले.

जे घडेल म्हणोन चार महिने भीती वाहिली ते घडलेच नाही. हात धुवावयास गेल्या तेव्हा मावशींनी बाईसाहेबांस नळापाशी गाठोन हळूच पत्ता विचारिला, मग मामांच्या थोरल्या सुनेने, मग एका व्याह्यांनी आपल्या मंडळींसाठी म्हणोन. शेवटी खासे आकाराममामा, जे स्वतः एकशे तेवीस किलोंचे धनी, मंडपामागे येऊन इकडेतिकडे पाहोन म्हणाले, "सूनबाई, त्या डॉक्टरीणबाई शनवारी असत्यात काय?" सांजेपर्यंत सात मोबाईलांत तो नंबर दाखल जाहला.

मिती माघ वद्य दशमी, आदितवार, मुक्काम हुपरी. या दिवशी आग्रहाचा बीमोड होऊन जठरगडाची मोहीम फत्ते जाहली, ऐसे नोंदविले. बाईसाहेबांचे वजन ते दिवशी एकोणनव्वद किलो, शिवण शाबूत, साखर काबूत, केस विरळ, तह रद्द, लाज बरखास्त. सासू आणि सून यांची एकमेकींपुढे मात्र पूर्ण शरणागती. आणखी एक गोष्ट त्याच दिवशी घडली. पंगत उठत असता युवराज्ञींनी मामांच्या देवडीतले नवे पैंजण उचलोन, अनवाणी, गल्लीच्या तोंडाकडे दौड मारिली. बाईसाहेब मागे धावल्या, आणि कोपऱ्याच्या अलीकडेच तिला दंडाला धरोन, वर उचलोन, मुका घेऊन, पैंजणांसह परत आणिले. हे कोणी पाहिले नाही. मंडपात एकानेही मान वर केली नाही, कारण पोर धावते आणि आई तिला धरते, हा घरोघरचा मामला, त्यात लिहिण्यासारखे काही नाही.